छापखानदाराकडे चौकशी करावी

जुनें वर्तमानपत्र हातीं आलें म्हणजे इतिहासाचा अभ्यासक प्रथम मोठ्या बातम्यांकडे वळतो. राजे, लढाया आणि तह यांचीं टिपणें तो घेतो. जाहिरातींच्या रकान्यांवरून मात्र त्याची नजर सहसा घसरत जाते. वास्तविक, आपलें लेखन पुढील पिढ्या वाचतील याची थोडीबहुत जाणीव बातमी लिहिणारास असते. हरवलेल्या घोड्याची जाहिरात देणाऱ्या गृहस्थास ती मुळींच नसते. त्याला फक्त आपला घोडा परत हवा असतो. म्हणूनच त्याचे चार शब्द अधिक बोलके असतात. इंग्रजी अमलाखालील अमेरिकन वसाहतींत लोकांचा रोजचा व्यवहार कसा चाले, हें ज्याला जाणावयाचें असेल त्यानें या दुर्लक्षित रकान्यांत शिरावें.

बोस्टन शहरीं २४ एप्रिल १७०४ रोजीं 'बोस्टन न्यूज-लेटर' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्या वसाहतींत टिकाव धरून राहिलेलें हें पहिलेंच वर्तमानपत्र. त्याचा चालक जॉन कँपबेल हा शहराचा पोस्टमास्तर होता. त्यानें आरंभींच सूचना दिली कीं, घरें, जमिनी, जहाजें किंवा माल विकावयाचा असेल, कांहीं हरवलें वा चोरीस गेलें असेल, अगर कोणाचा नोकर पळाला असेल, तर बारा पेन्सपासून पांच शिलिंगांपर्यंत आकार घेऊन तें छापण्यांत येईल. लौकरच गिऱ्हाइकें आलीं. लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथील, लोकरी कापड कुटून दाट करण्याची एक गिरणी विक्रीस निघाली. बोस्टनच्या एका धक्क्यावरून १२० ते १४० पौंड वजनाच्या दोन लोखंडी ऐरणी नाहींशा झाल्या होत्या. त्यांचा ठावठिकाणा सांगणारास बक्षीस जाहीर झालें. हा ठावठिकाणा कळवावयाचा होता तो खुद्द कँपबेल यालाच. वर्तमानपत्राचा चालक हा अशा रीतीनें पहिल्यापासूनच व्यवहारांतील मध्यस्थ बनला.

पुढें शहरें वाढलीं, बंदरें गजबजलीं आणि रकानेहि भरूं लागले. लंडनहून जहाज येतांच दुकानदार मालाची लांबलचक यादी छापीत: रेशीम, मलमल, खिळे, बिजागऱ्या, चहा, मसाले, पुस्तकें. हिंदुस्थानांतून इंग्लंडमार्गें आलेलें छिटाचें कापडहि त्यांत असे. 'छीट' याच शब्दावरून इंग्रजींतील 'चिंट्झ' हा शब्द झाला. यादी मोठी असली तरी किंमत क्वचितच दिलेली असे. भाव दुकानांत, घासाघीस करून ठरे. घरांना क्रमांक नव्हते, म्हणून दुकानाचा पत्ता त्यावरील पाटीच्या चित्रावरून सांगत.

या व्यवहारांतील खरी अडचण होती ती नाण्यांची. वसाहतींत रोकड नेहमींच अपुरी पडे. स्पॅनिश चांदीचे डॉलर हातोहात फिरत. व्हर्जिनियांत सरकारी गोदामांत ठेवलेल्या तंबाखूच्या पावत्या पैशाप्रमाणें चालत. म्हणून रोख रकमेच्या ऐवजीं शेतांतील धान्य, लोणी अगर मेण घेण्याची तयारी दुकानदार जाहिरातींतच दर्शवीत. बाकीचा सारा कारभार वहीवर, म्हणजे उधारीवर. त्यामुळें 'ज्यांच्याकडे येणें आहे त्यांनीं हिशेब चुकते करावे' ही विनवणी पुनःपुन्हां भेटते. उधारीचे धागे घरांतहि पोंचलेले होते. बायको घर सोडून गेली तर तिनें केलेलें कर्ज आपण फेडणार नाहीं, असें नवरा वर्तमानपत्रांतून जगाला कळवी. त्या चार ओळींमागचें तिचें म्हणणें मात्र क्वचितच छापलें जाई.

छापखानदार स्वतःहि दुकानदारच असे. कागद चिंध्यांपासून होई, म्हणून स्वच्छ तागाच्या चिंध्यांना रोख दाम देण्याचें आश्वासन तो छापी. फिलाडेल्फियाचा बेंजामिन फ्रँकलिन यानें १७२९ मध्यें 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हातीं घेतलें, तेव्हां त्याचा प्रतिस्पर्धी ब्रॅडफर्ड हा पोस्टमास्तर होता. टपाल ज्याच्या हातीं, त्याचा अंक दूरवर जातो, अशा समजुतीनें जाहिराती ब्रॅडफर्डकडे जात. १७३७ मध्यें तें पद फ्रँकलिनकडे आलें आणि जाहिरातींचा ओघहि त्याच्याकडे वळला. त्याच्या पत्रांत त्याच्या सासूबाईंच्या खरजेवरील मलमाची जाहिरात येई. देवळांतील आसनावरून पत्नीचें तांबड्या बांधणीचें प्रार्थनापुस्तक नाहींसें झालें, तेव्हां त्यानें जाहिरातींत सुचविलें कीं, नेणारानें तें उघडून त्यांतील आठवी आज्ञा वाचावी, आणि मग पुस्तक जागच्या जागीं ठेवावें. आठवी आज्ञा चोरी करूं नये अशी आहे!

या विनोदावर हंसणाऱ्या वाचकाची नजर त्याच पत्रांतील दुसऱ्या एखाद्या जाहिरातीवर पडली म्हणजे त्याचें हंसूं मावळतें. एक तरुण निग्रो स्त्री विकणें आहे. स्वयंपाक व शिवणकाम जाणते. अशा धर्तीचा तो मजकूर असतो. चहा आणि खिळे यांच्यासारख्याच टाइपांत, तेवढ्याच थंडपणें. विकणाराचें नांव पुष्कळदां नसतेंच. त्या जागीं एवढेंच वाक्य असतें: छापखानदाराकडे चौकशी करावी. म्हणजे ऐरणींचा मध्यस्थ तोच माणसांचाहि मध्यस्थ. ही प्रथा केवळ दक्षिणेची नव्हती. बोस्टन व फिलाडेल्फिया येथेंहि ती होती. फ्रँकलिन उतारवयांत गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला; १७९० मध्यें, मृत्यूपूर्वीं दोनच महिने, त्यानें तिच्या वतीनें काँग्रेसकडे अर्ज केला. हें त्याच्या थोरपणास शोभणारेंच. परंतु त्याच्या छापखान्याच्या उत्पन्नांत या जाहिरातींचाहि वाटा होता, हें विसरतां येत नाहीं.

सप्टेंबर १७६९ मध्यें 'व्हर्जिनिया गॅझेट' पत्रांत थॉमस जेफर्सन यानें एक जाहिरात दिली. सँडी नांवाचा त्याचा गुलाम पळाला होता. वय सुमारें पस्तीस, ठेंगणा, डावखुरा, जोडे शिवण्यांत तरबेज, सुतारकामहि येतें, जातांना पांढरा घोडा व जोडे शिवण्याचीं हत्यारें घेऊन गेला. तो दारुडा व लबाड आहे, असेंहि धन्यानें रागानें नमूद केलें. परगण्यांत सांपडल्यास ४० शिलिंग, वसाहतींत अन्यत्र ४ पौंड, दुसऱ्या वसाहतींत १० पौंड बक्षीस! सँडी पकडला गेला आणि १७७३ मध्यें १०० पौंडांस विकला गेला. पुढें तीनच वर्षांनीं जेफर्सननें मानवी समतेचा उद्घोष करणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला.

सँडीला पकडण्यासाठीं लिहिलेल्या त्याच ओळींनीं त्याला विस्मृतींतूनहि वांचविलें. धन्याला हवें होतें फक्त वर्णन. वाचकाला दिसतो तो एक कुशल कारागीर. हत्यारें बरोबर घेऊन, म्हणजे स्वतःच्या हातांच्या बळावर जगण्याच्या निश्चयानें, रस्त्याला लागलेला. त्या काळाची चौकशी छापखानदाराकडेच करावी. देऊं इच्छीत होता त्याहून कितीतरी अधिक साक्ष त्याचे हे रकाने देतात.