ऋतुपालट आणि घरची शुश्रूषा



मृगाचा पाऊस आला की नोकरी करणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो. रजा शिल्लक नसते, आणि मूल नेमके तेव्हाच अंथरूण धरते. एका आषाढात माझ्या धाकटीला जुलाब लागले. “पाण्याने वाढतील, देऊ नका,” असे सासूबाईंना बजावून मी कचेरीत गेले. संध्याकाळी पाहते तो पोरीचे डोळे खोल गेलेले! डॉक्टर म्हणाले, “बाई, घात जुलाब करीत नाहीत, अंगातले पाणी जाते, ते करते.”

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्यानेच असंख्य रोगी वाचविले. घरचे माप सोपे आहे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ते घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

हे माप आज आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. सासूबाई आणि ‘हे’, दोघांनाही ते पाठ आहे. भगिनींनो, शुश्रूषा एकट्या आईची नव्हे, साऱ्या घराची आहे.