कच्च्या दुधावरील देखरेख आणि तिचा खर्च

कच्चे दूध, म्हणजे धार काढल्यानंतर ज्यावर कोणतीही उष्णताप्रक्रिया केलेली नाही असे दूध, शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकण्यास इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आजही कायद्याने मुभा आहे. परंतु ही मुभा इतक्या अटींनी वेढलेली आहे, की त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठीच सरकारला माणसे नेमावी लागतात आणि त्यांचा खर्च विक्रेत्याने सोसावा, पिणाऱ्याने सोसावा की त्या दुधाला कधी तोंडही न लावणाऱ्या करदात्याने, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. शेजारच्या स्कॉटलंडने १९८३ मध्ये गाईच्या कच्च्या दुधाच्या विक्रीवर आणि २००६ मध्ये शेळ्यामेंढ्यांच्याही कच्च्या दुधावर बंदी घालून हा प्रश्न मुळातच मिटवला. बंदीचा कारभार तुलनेने स्वस्त पडतो, कारण जे विकायचेच नाही त्याचे नमुने तपासावे लागत नाहीत. तिची किंमत पैशांत नव्हे, तर ज्यांना ते दूध हवे आहे त्यांच्या निवडीच्या हक्कात मोजली जाते आणि ती किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

इंग्लंडमध्ये असे दूध दुकानात ठेवता येत नाही. गोठ्याच्या मालकाने ते आपल्या शेतावर, शेतकरी बाजारात, घरोघरच्या रतिबाने किंवा शेतावरच बसवलेल्या नाणेयंत्रातून स्वतः विकावे, त्यावर हे दूध तापवलेले नसून त्यात आरोग्यास अपायकारक जंतू असू शकतात असा इशारा असावा, आणि कळप क्षयरोग व ब्रुसेलोसिस या दोन्ही रोगांपासून मुक्त असल्याचे प्रमाणित असावे, असे नियम आहेत. ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणारा आणि दुधावाटे माणसाला दीर्घकाळ रेंगाळणारा ताप देणारा जंतुसंसर्ग. याशिवाय एक मिलिलिटर दुधातील एकूण जंतूंची संख्या २०,००० पेक्षा अधिक नसावी आणि कोलिफॉर्म जंतू १०० पेक्षा कमी असावेत, अशीही अट आहे. कोलिफॉर्म हा जंतूंचा असा गट आहे की जो सापडला म्हणजे दुधाला शेणाचा किंवा अस्वच्छ भांड्यांचा संपर्क झाला असावा असे समजतात. सन २००० पासून काम करणारी फूड स्टँडर्ड्स एजन्सी ही शासकीय संस्था या गोठ्यांची नियमित पाहणी करते आणि दुधाचे नमुने घेते, आणि ज्यांचे दूध प्रक्रियेसाठी डेअरीत जाते त्या गोठ्यांपेक्षा या गोठ्यांकडे निरीक्षकाच्या फेऱ्या पुष्कळच अधिक होतात.

२०१३ च्या अन्नसुरक्षाविषयक नियमांत गाईच्या दुधाच्या या नमुना-तपासणीसाठी ६३ पौंड शुल्क ठरवलेले आहे. खर्चाची चर्चा बहुधा या आकड्याभोवतीच फिरते आणि तेथेच ती चुकते, कारण शुल्क हा देखरेखीच्या खर्चातील केवळ दिसणारा भाग आहे. एखाद्या कळपात क्षयरोग आढळला, तर त्या गोठ्यातील कच्च्या दुधाची विक्री त्याच दिवशी थांबवावी लागते, आणि मागील काही आठवड्यांत ते दूध कोणी प्यायले याचा माग स्थानिक प्रशासनाला आणि सार्वजनिक आरोग्य खात्याला काढावा लागतो. रतिबाच्या वहीत गिऱ्हाइकांची नावे तरी असतात. नाणेयंत्र कोणाचेच नाव लिहून ठेवत नाही. त्या शोधात जाणारे कर्मचाऱ्यांचे तास, प्रयोगशाळेतील चाचण्या आणि ई. कोलाय ओ१५७ या जंतूमुळे एखाद्या बालकाची मूत्रपिंडे निकामी झाली तर त्याच्या उपचारांचा भार, यांपैकी काहीही त्या ६३ पौंडांत धरलेले नाही.

हा खर्च दर लिटरमागे इतका का चढतो, हे पाश्चरीकरणाशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. पाश्चरीकरण म्हणजे दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवून लगेच थंड करणे. मोठ्या डेअरीत तापमानाची एक अखंड नोंद आणि फॉस्फेटेज या दुधातील विकराची एक साधी चाचणी, एवढ्यावर हजारो लिटरची खात्री देता येते, कारण पुरेशा उष्णतेने हे विकर नष्ट होते आणि ते शिल्लक असेल तर दूध नीट तापले नाही हे उघड होते. कच्च्या दुधाला असा पुरावा नाही. रोगजंतू त्यात रोज नसतात, एखाद्या दिवशी एखाद्या गाईच्या कासेवरून येतात आणि दुसऱ्या दिवशी नाहीसे होतात. ओ१५७ सारख्या जंतूची तर अगदी थोडी संख्याही माणसाला आजारी पाडण्यास पुरते. त्यामुळे अधूनमधून घेतलेल्या नमुन्यांतून रोगजंतू सापडण्याची आशा फारशी नसते आणि कोलिफॉर्मसारख्या सूचक जंतूंवर भागवावे लागते. दुसऱ्या शब्दांत, सरकार या खर्चातून सुरक्षिततेची खात्री नव्हे, तर गोठ्याच्या स्वच्छतेचा अंदाज तेवढा मिळवते. तो अंदाज निरुपयोगी नाही, पण त्यासाठी मोजली जाणारी रक्कम पाहता तो स्वस्तही नाही.

विक्रेत्याला कच्च्या दुधाचा दर डेअरीकडून मिळणाऱ्या दरापेक्षा कितीतरी अधिक मिळतो, तेव्हा देखरेखीचा पूर्ण भार त्यानेच उचलावा हे म्हणणे न्याय्य वाटते. अडचण सरसकट शुल्काची आहे: रोज वीस लिटर विकणाऱ्याला आणि पाचशे लिटर विकणाऱ्याला एका तपासणीचे सारखेच पैसे पडत असतील, तर लहान विक्रेता धंदा सोडेल किंवा, अधिक वाईट म्हणजे, नोंदणीबाहेर राहून विकत राहील. विकलेल्या लिटरवर आकारलेले शुल्क हिशेबाला किचकट असले तरी त्यापेक्षा बरे ठरेल.

महाराष्ट्रात गवळ्याकडून येणारे सुटे दूध इंग्लंडच्या मानाने अफाट प्रमाणात विकले जाते, तरी त्यातील जंतूंसाठी दर गोठ्याची अशी ठरावीक तपासणी होत नाही, आणि याचे कारण स्वयंपाकघरात आहे. दूध आले की ते उतू जाईपर्यंत तापवायचे, ही रीत घरोघरी पाळली जात असल्याने जंतुनाशाचा खर्च घरातल्या गॅसवर आणि गृहिणीच्या वेळेवर पडतो, सरकारी तिजोरीवर नाही. २०११ च्या परवाना नियमावलीत लहान व्यावसायिकाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवलेले आहे, आणि सगळे दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला तर तेही माफ आहे. तथापि चुलीने सगळेच भागते असे नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात कच्च्या आणि प्रक्रिया केलेल्या दुधाचे मिळून ६,४३२ नमुने तपासले गेले, तेव्हा भेसळीचे नमुने केवळ १२ निघाले, पण अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून दुधात उतरणारे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक सापडले. ते उकळून जात नाही आणि गवळ्याच्या लॅक्टोमीटरलाही कळत नाही.

कोल्हापुरात तर दूध-कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून ते धारोष्ण, म्हणजे तापवल्याविना, पिण्याची हौस जुनी आहे, आणि तेथे चुलीचा आडोसाही उरत नाही. तेथे इंग्रजी पद्धतीने नमुने गोळा करणारा निरीक्षक बसवण्यापेक्षा जनावर निरोगी ठेवण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण एका जनावराला टोचलेली लस त्याच्या पुढच्या अनेक वेतांतील दुधाला उपयोगी पडते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला, तो याच दिशेचा. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेलोसिसची लस द्यायची असून तिच्यासाठी पशुपालकाकडून काही घ्यायचे नाही.