कापडी पॅड विकण्याआधी

बचतगटानं शिवलेले कापडी पॅड मैत्रिणीला देणं वेगळं आणि बाजारात विकणं वेगळं. धुऊन पुन्हा वापरायचे सॅनिटरी पॅड आणि पीरियड पँटी यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं स्वतंत्र मानक आहे: आयएस १७५१४, सन २०२१ चं. शिलाई सुबक असणं पुरेसं नाही. पॅड किती शोषतो, कापडाचा सामू किती, त्यावर जंतू किती, धुतल्यावर रंग जातो का, हे प्रयोगशाळेत तपासावं लागतं. चाचण्यांचा खर्च छोट्या गटांना जड जातो, हे खरंच. पण हा कपडा तासन्‌तास नाजूक त्वचेला चिकटून असतो. इथं सूट मागू नये.

पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, निर्मितीचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. धुण्या-वाळवण्याची सूचना मराठीतही छापा.

सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये माफ झाला. मात्र कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही, तेव्हा किंमत ठरवताना तो धरा.

आयएसआय चिन्हाची सक्ती आणि सवलती यांचे आदेश बदलत असतात. म्हणून यंत्रं घेण्याआधी मानक ब्युरोच्या मुंबई, पुणे किंवा नागपूर कार्यालयात चौकशी करा.