तुमचो गाव खंयचो?

(मंडळाच्या जुलै महिन्यातील सभेत आम्ही पतिपत्नींनी सांगितलेल्या प्रवासानुभवाचा मजकूर)



सहलीचं वर्णन करा म्हणून तुम्ही आम्हां दोघांना उभं केलंत. खरं सांगायचं तर सहलीचं वर्णन थोडं आहे, आणि एका प्रश्नाची गोष्ट जास्त आहे. तो प्रश्न आम्हांला सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका घराच्या खळ्यात विचारला गेला.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं, मुलगा-सून आणि दोन्ही नातवंडं असे सहा जण कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो. हॉटेल घेतलं नव्हतं. एका कुटुंबाने आपल्या राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत, तिथे चार रात्री राहायचं ठरवलं होतं. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मधोमध तुळस, मागे माड आणि विहीर. आम्ही पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच घरच्या काकूंनी विचारलं, "तुमचो गाव खंयचो?"

आम्ही म्हटलं, "बडोदा."

"ता शहर झाला. गाव इचारतंय मी."

आणि मंडळी, आम्हांला उत्तर देता आलं नाही. आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती असेल. पणजोबा सरकारच्या चाकरीत इकडे आले, दांडिया बाजारात बिऱ्हाड केलं, पुढे घर बांधलं. कुलदैवताचं नाव पाठ आहे, कोकणातलं एवढंही माहीत आहे, पण गावातलं घर, वाटणी, भाऊबंद यांतलं काहीच आपल्याकडे उरलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारचे गुजराती मित्र 'गामडे' जायचे, तेव्हा आम्ही कमाटी बागेत जायचो. म्हणून आज आमच्या नातवंडांना गाव दाखवायचं, तर पैसे भरून खोली आरक्षित करावी लागते. याचं पहिल्या दिवशी आम्हांला जरा वाईटच वाटलं.

पण चार दिवसांत मत बदललं. ते कसं, तेच सांगतो.

आजकाल हमरस्त्यांवर 'गावाचा अनुभव' देणारी पुष्कळ ठिकाणं झाली आहेत. फेटा बांधायचा, बैलगाडीत दहा मिनिटं बसायचं, पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी परत. त्यांना नावं ठेवत नाही. बारामतीच्या बाजूला सुरू झालेल्या कृषी पर्यटनाने कितीतरी शेतकऱ्यांना जोडधंदा दिला आणि 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणलं. सिंधुदुर्ग तर 1997 पासूनच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला. पण दहा मिनिटांच्या बैलगाडीत बैलाचं नावसुद्धा कळत नाही. मुक्काम केला की कळतं.

आमच्या घरी पहाटे चुलीवर आंघोळीचं पाणी तापायचं. न्याहारीला कधी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, कधी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी. एकदा काकूंनी शिरवाळे केले. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे लाकडी साच्यातून दाबायचे, खाली शेवया पडतात, त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. साच्याचा दांडा दाबायला घरातला दणकट माणूस लागतो. तो मान आमच्या मुलाला मिळाला. दोन गोळ्यांतच तो घामाघूम झाला. काकू हसत म्हणाल्या की, त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला आहेत, म्हणून वर्षभर साचा फळीवरच असतो, पाहुणे आले की खाली उतरतो. त्या सहज बोलल्या, पण आम्हांला कळलं की, या दोन खोल्यांच्या भाड्याने घर उघडं राहिलं आहे. नाहीतर गणपतीचे चार दिवस सोडले तर त्याला कुलूपच.

गणपतीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी माटवीचं सांगितलं. मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली, नारळ, सुपारीचे घोस बांधतात. प्रत्येक वस्तू कोणत्या बाजूच्या रानात मिळते, हे घरातल्या पोरांना ठाऊक असावं लागतं. मूर्ती जिथे घडतात त्या जागेला तिकडे 'गणपतीची शाळा' म्हणतात. घरोघरचे पाट तिथे आधी पोचवायचे, आणि आपल्या पाटावर आपला गणपती तयार होतो. आपल्या मंडपातल्या झगमगाटाची आम्हांला आठवण झाली. तुलना इथे करत नाही.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला गेलो. तिथल्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड लेथवर फिरवून आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचं, मग रंग. आंबा, काजू, केळं, सीताफळ अशी फळं इतकी हुबेहूब की आमच्या धाकट्या नातवाने एक पेरू तोंडाकडे नेलाच. आता आमची चूक सांगतो. फळांची एक टोपली आणि भातुकलीचा एक संच आम्ही घेतला आणि सवयीने घासाघीस केली. मंगळ बाजारात करतो तशी. दुकानातल्या वयस्क कारागिराने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मान हलवली. आम्ही खुशीत बाहेर पडलो.

तिथून राजवाड्यात गेलो. तिथे गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मुघलांच्या काळात इराणकडून आलेला हा खेळ, पण आपल्या लोकांनी त्यात दशावतार आणले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, म्हणजे बारा पाने. एकूण 120. जुनी रीत अशी की, चिंचोक्याच्या खळीने थर एकमेकांवर चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, हाताने रंगवायचं आणि शेवटी लाखेचा लेप. आपल्या बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, ही कला जवळजवळ संपत आली असता ती पुन्हा उभी केली सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्याची लेक. त्यांनी वाड्यातच काम सुरू केलं, जुन्या जाणत्या हाताकडून नव्या हातांना शिकवलं. मुख्य म्हणजे माल विकला जाईल असं पाहिलं.

आम्ही तिथे तासभर उभे होतो. तेवढ्या वेळात समोरच्या बाईंनी एका पानावरच्या राजाचा फेटा आणि घोड्याची मान एवढंच रंगवलं. बाहेर पडताना आम्हां दोघांच्याही मनात तोच हिशेब चालू होता. सकाळी वाचवलेल्या पैशांत आम्ही त्या म्हाताऱ्याचे किती तास घेतले? घासाघीस करताना आम्हांला फक्त पेरू दिसला होता. पेरूच्या मागचा हात दिसला नव्हता.

तिसरा दिवस पिंगुळीचा. कुडाळच्या अगदी जवळचं हे गाव. इथल्या ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ जपला आहे. चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी. एका कथेची चित्रं एकत्र बांधलेली असतात. कलाकार एकेक चित्र समोर धरतो आणि साथीला टाळ-वीणा घेऊन रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतो. पूर्वी देवळादेवळांतून हे खेळ होत आणि कुठल्या देवळात कोणी करायचा तो मान ठरलेला असे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही त्या अंगणात बसून एक आख्यान ऐकलं आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. दिव्यामुळे पडद्यावर पडलेला रावण हलायला लागला तेव्हा, मोबाइलशिवाय पाच मिनिटं न बसणारी आमची नात पडद्यामागे जाऊन बसली. तिला दोन्ही बाजू पाहायच्या होत्या.

एक लक्षात आलं. चित्र भिंतीवर लावलं की ते चित्र असतं, कोणीतरी सांगायला बसलं आणि कोणीतरी ऐकायला बसलं की ते चित्रकथी होतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या पोथ्यांतली चित्रं जपलेली आहेत, ते फार मोलाचं काम. पण ऐकणारे संपले तर सांगणारा कोणासाठी सांगेल? तिथे पाहुणा म्हणून जाणं हेही मग एक काम ठरतं.

परतीच्या दिवशी गाडी सावंतवाडीहून होती. स्टेशनवर जाण्याआधी आम्ही पुन्हा चितार आळीत त्याच दुकानात गेलो आणि कमी केलेले पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने ते घेतले नाहीत. म्हणाला, "सौदा झाला तो झाला. भीक नको. काम द्या."

आम्ही वरमलो. मग बसलो, चहा झाला, आणि आम्ही विचारलं, लाकडी करंडे करून द्याल का? दर त्याने सांगितला, आम्ही एक शब्द बोललो नाही. मंडळी, आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात स्पर्धांच्या बक्षिसांना दर वर्षी स्टीलचे डबे असतात. यंदा त्यांच्या जागी सावंतवाडीचे साठ रंगीत करंडे आहेत. गेल्या आठवड्यात खोकी आली. कार्यकारिणीने ठरलेल्या रकमेतच ते बसवले, वरचा थोडा खर्च आम्ही दोघांनी केला.

करंड्यांचं बोलणं चाललं असताना त्याने आम्हांला आणखी एक प्रश्न विचारला. "बडोद्याला तुमच्याकडे लाखेचं लाकूडकाम असतं ना? कसं करतात ते?"

संखेडा! आमच्या ओसरीवर चाळीस वर्षं संखेड्याचा झोपाळा आहे. लाल-सोनेरी. त्यावर आमची मुलं झोपवली, नातवंडं झोपवली. बडोद्याहून संखेडा जेमतेम पन्नास किलोमीटर. आणि तिथले खरादी सागवान कसं फिरवतात, लाख कशी चढवतात, केवड्याच्या पानाने झिलई कशी देतात, हे पाहायला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. गाव नाही म्हणून हळहळत आम्ही एक हजार किलोमीटरच्या आसपास गेलो, आणि ज्या गावाच्या हातावर रोज झोके घेतो ते गाव पाहिलं नव्हतं.

पणजोबांचं गाव आता मिळणार नाही, हे खरं. पण ज्याच्या हाताचं आपण वापरतो, ज्याचं अन्न खातो, ज्याचं नाव विचारतो, ते गाव थोडं आपलं होतंच. नुसते पैसे दिल्याने ते होत नाही, आणि पैसे न देता तर मुळीच होत नाही.

म्हणून जाणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. निदान दोन रात्री राहा. चित्रकथी किंवा बाहुल्यांचा खेळ पाहायचा असेल तर आधी कळवा, त्याचं मानधन विचारा आणि ते पूर्ण द्या, कारण साथीदारही आपली कामं सोडून येतात. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या. आणि घासाघीस मंगळ बाजारासाठी राखून ठेवा.

शेवटी मंडळाला एक विनंती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुलाबाळांसह संखेड्याला जाऊ या. बसची व्यवस्था आम्ही पाहतो. पुढच्या वर्षीची काही बक्षिसं तिथूनच सांगून ठेवता येतील.

निघताना काकूंनी नातवंडांच्या हातावर ओल्या नारळाच्या वड्या ठेवल्या. नातीने त्यांना सांगितलं की, आमचं गाव कुठलं ते आजोबांना अजून आठवलेलं नाही. काकू म्हणाल्या, "मगे ह्योच तुमचो गाव. परत येवा."

आम्ही पुढच्या वर्षीच्या दोन खोल्या सांगून आलो आहोत.