हक्क ‘दिला’ कोणी?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मुक्त ज्ञानकोशातला लेख कुणीही सुधारू शकते. रशियन स्त्रियांवरचा असा एक लेख घेऊन आम्ही तिघीजणी बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो. वाक्य होते, ‘क्रांतीनंतर स्त्रियांना मतदानाचा हक्क देण्यात आला.’ कोणी दिला? कुणी मागितला होता? ही भाषा आपल्या चांगली ओळखीची आहे. सुधारकांनी उद्धार केला, सरकारने सवलती दिल्या. बाई कायम घेणारी!

घडले ते असे. १९१७ साली ८ मार्चला, त्यांच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २३ फेब्रुवारीला, पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. पावासाठी तासन्‌तास रांगा, घरातले पुरुष युद्धावर. शेजारच्या धातू कारखान्यांतल्या कामगारांनाही त्यांनी बाहेर काढले. आठवड्याभरात झारची सत्ता गेली. पण हंगामी सरकारने सार्वत्रिक मतदान जाहीर केले, त्यात स्त्रियांचा स्पष्ट उल्लेखच नव्हता. तेव्हा काही आठवड्यांतच सुमारे ४०,००० स्त्रियांनी मोर्चा नेला. पुढे होत्या डॉक्टर पोलिक्सेना शिश्किना-याव्हेन आणि वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या वेरा फिग्नेर. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. जुलैमध्ये कायदा झाला. म्हणजे ऑक्टोबर क्रांतीच्या आधीच.

आम्ही ते वाक्य काढून हा सगळा मजकूर घातला, प्रत्येक विधानाला संदर्भ देऊन. संदर्भ नसेल तर तिथे मजकूर टिकत नाही, आणि ते बरेच आहे.

पुढच्या भागावरून मात्र आमच्यात वाद झाला. १९२० साली सोव्हिएत रशियाने गर्भपात कायदेशीर केला, हे लेखात होते. १९३६ साली त्यावर बंदी आली आणि ती १९५५पर्यंत टिकली, हे नव्हते. पक्षाचा स्त्री-विभाग १९३० साली स्त्रीप्रश्न सुटला म्हणून बंद केला गेला, हेही नव्हते. एक मैत्रीण म्हणाली, हे घातले तर डाव्यांच्या विरोधकांचे फावेल. मला ते पटले नाही. फावायचे त्यांचे एरवीही फावतेच. २०१७ साली रशियात घरातल्या मारहाणीचा पहिला, गंभीर इजा नसलेला प्रकार फौजदारी गुन्ह्यातून वगळला गेला. ते लिहायचे आणि १९३६ झाकायचे, हे कसे चालेल? शेवटी दोन्ही घातले.

अजून पुष्कळ राहिले आहे. एप्रिल १९१७ मध्ये काझानला रशियातल्या मुस्लिम स्त्रियांची परिषद भरली होती, तिच्यावर एक ओळही नाही. तातारी किंवा रशियन वाचता येणारी कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर सांगा.