होडीवरील जुनी अक्षरे : ती पुसावी कशी?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, लग्नकार्यांतील खर्च अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कार्यकारी मंडळाने आम्हास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दामच एक लहान विषय निवडला. होडीच्या अंगावर रंगविलेली जुनी अक्षरे होडीस इजा न करता कशी काढावी, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, "यात भाषण करण्यासारखे काय आहे? खरवडली की निघाली!" या 'खरवडली की निघाली' वृत्तीनेच आपल्या कोळीवाड्यांतील चांगल्या होड्या अकाली दुखावतात, म्हणूनच आज हे बोलणे.

नवी होडी घेणे हे आता लाखांचे काम झाले आहे. ज्या तरुणास स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे असते, तो बहुधा जुनी होडी विकत घेतो. तिच्या नाळेवर पूर्वीच्या मालकाच्या आईचे वा गावदेवीचे नाव असते. नारळी पौर्णिमा जवळ आलेली असते, नवे नाव घालण्याची घाई असते. मग कोठून तरी ग्राइंडर आणला जातो आणि अर्ध्या तासात अक्षरे नाहीशी होतात. पण त्यांच्याबरोबर होडीचे कातडेही जाते, आणि कर्ज काढून घेतलेल्या वस्तूस पहिली जखम तिचा धनीच करतो.

प्रथम एक भेद ध्यानात धरावा. होडीवर दोन प्रकारची अक्षरे असतात : नाव आणि नोंदणी क्रमांक. नाव आपले असते, ते केव्हा बदलावे हे धन्याने ठरवावे. क्रमांक मात्र आपला नव्हे, तो सरकारी दप्तरातील नोंदीचा आहे. सन २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून तिच्यातून आपल्या किनाऱ्याजवळ आले. त्यानंतर नौकांची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांविषयी सरकारचे धोरण कडक झाले, हे आपण सर्व जाणतोच. तेव्हा खरेदीविक्री झाल्यावर आधी मत्स्यव्यवसाय खात्याकडे मालकी बदलण्याचा अर्ज करावा, क्रमांकाविषयी लेखी खुलासा घ्यावा, आणि मगच त्या अक्षरांस हात लावावा. क्रमांक खरवडलेली होडी समुद्रावर अडविली गेली, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो.

आता मूळ विषयाकडे वळू. या कामाचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगता येईल : काढावयाचे आहे ते अक्षर, होडीचे अंग नव्हे. म्हणून नेहमी सर्वांत सौम्य उपायाने आरंभ करावा, तो न चालल्यास त्याहून किंचित कडक उपाय घ्यावा, आणि अक्षर निघताच थांबावे. कोणताही उपाय आधी पिछाडीस, सहसा न दिसणाऱ्या वीतभर जागेवर करून पाहावा. साबण व गोड्या पाण्याने अंग धुऊन मीठ आणि तेलकटपणा काढावा. मीठ राहिले, तर घासताना तेच ओरखडे पाडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते व होड्या वर ओढलेल्या असतात. परंतु ओल्या अंगावर नवा रंग धरत नाही, म्हणून हे काम मे महिन्याच्या कोरड्या उन्हात उरकावे, नाहीतर आडोशाखाली होडी नीट वाळवून करावे.

लाकडी होडीचा विचार आधी करू, कारण आपल्या वाडवडिलांचा संसार तिच्यावरच झाला. ज्या पट्ट्यावर अक्षरे आहेत, तो सबंध पट्टा पुन्हा रंगवावयाचा असेल आणि खालचा रंग घट्ट बसलेला असेल, तर अक्षर मुळापासून उपटण्याची गरजच नाही. अक्षराच्या रंगाची जी जाड कड बोटास लागते, तेवढी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या काचकागदाने, पाणी लावून सपाट करावी. मग अस्तराचा हात देऊन पट्टा रंगवावा. कड राहिली, तर नव्या रंगाखालूनही जुने नाव तिरप्या उन्हात वाचता येते. कित्येक लोक रंगाचे हात वाढवून नाव झाकू पाहतात. पण रंगाच्या प्रत्येक थराबरोबर कडही वर येते, म्हणून ते झाकत नाही.

खालचा रंग सुटू लागला असेल, किंवा लाकूड नुसते तेल लावून ठेवावयाचे असेल, तर मात्र अक्षर पूर्ण काढावे लागते. त्यासाठी गरम हवेचे यंत्र बरे. रंगास फोड येऊ लागला, की हवा पुढे सरकवावी आणि बोथट केलेल्या कोपऱ्यांच्या खरवडणीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने रंग उचलावा. रेषेस आडवे खरवडल्यास सागाचेही तंतू तुटतात आणि तेथे पाणी मुरते. फळ्यांच्या सांध्यांवर उष्णता धरू नये, कारण सांध्यात भरलेला कापूस व त्यावरील राळ वा लांबी उन्हाळली, तर सांधा गळू लागतो. उघडी ज्योत तर वापरूच नये. होडीच्या तळाशी डिझेलचा अंश असतो, हे कोणी विसरू नये. अक्षरे लाकडात कोरलेली असतील, तर फळी रंधून ती घालविण्याच्या भरीस पडू नये. फळीची जाडी हीच तिची ताकद. कोरलेला भाग स्वच्छ करून त्यात जलरोधक लांबी भरावी आणि सपाट करावी.

आता फायबरच्या होडीविषयी. हिच्या बाबतीत अज्ञान अधिक आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. हिचा जो गुळगुळीत, रंगीत पृष्ठभाग आपणांस दिसतो, त्यास जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. हेच तिचे कातडे. त्याच्या आत काचतंतू आणि राळ यांचे थर असतात. ग्राइंडरची चकती हे कातडे काही क्षणांत पार करते. मग पाणी काचतंतूंच्या वाटेने आत शिरते, फुगवटे येतात, आणि पुढे दुरुस्तीचा खर्च नव्या नावाच्या रंगाहून कितीतरी पट होतो.

तेव्हा आधी अक्षर चिकटपट्टीचे आहे की रंगाचे, ते पाहावे. चिकटपट्टी असल्यास गरम पाण्यात पिळलेले फडके तिच्यावर थोडा वेळ धरावे. एक कोपरा सुटला, की अंगालगत मागे वळवून सावकाश ओढावे. मागे राहिलेला चीक टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. रंगाचे अक्षर असल्यास प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा बांबूच्या चपट्या कांबीने जेवढे सुटेल तेवढे उचलावे. लोखंडी पाते वापरू नये. उरलेल्या रंगावर थिनरचे फडके जरा फिरवून तत्काळ कोरड्या फडक्याने पुसावे. थिनरने भिजवलेले फडके अंगावर चिकटवून ठेवल्यास जेलकोटच मऊ पडतो. गरम हवेचे यंत्र येथे वर्ज्य, कारण लाकडास सोसते ती उष्णता फायबरच्या राळेस सोसत नाही.

एवढ्यानेही अक्षर न निघाल्यास बारीक पाणकागद घ्यावा. ८०० क्रमांकाने आरंभ करून पुढे १००० व १५०० पर्यंत जावे. कागद ठोकळ्यावर गुंडाळावा आणि पाणी सोडीत राहावे. ओघळणाऱ्या पाण्याचा रंग हाच येथे गुरू होय. जोवर त्यात अक्षराचा रंग येतो, तोवर घासावे. होडीच्या अंगाचा रंग उतरू लागला, की हात आवरावा.

येथे एक चमत्कार दृष्टीस पडतो, आणि त्यापायीच बहुतेकांची फसगत होते. अक्षर निघाले, बोटास काही लागत नाही, तरी नाव तसेच दिसते! हा रंग नव्हे, ही त्याची सावली आहे. अक्षराखालचा जेलकोट वर्षानुवर्षे उन्हापासून झाकलेला राहिला, म्हणून तो मूळच्या तेजाचा आहे. सभोवतालचा भाग उन्हाने विटून पांढुरका झाला आहे. मालकास वाटते, अक्षर खोल मुरले आहे. तो त्याच जागी आणखी घासतो आणि खड्डा पाडतो. खरे पाहता दोष अक्षराच्या जागी नाही, भोवतालच्या विटलेल्या भागात आहे. उपाय उलटा करावा. घासण्याच्या पॉलिशने भोवतालचा सबंध पट्टा उजळवावा आणि वर मेण चढवावे. अंग सारखे झाले, की सावली आपोआप विरते. फार जुन्या होडीवर ती अंधुक राहिलीच, तर नवे नाव त्याच जागी, त्याहून रुंद पट्ट्यावर घालावे.

रसायनांविषयी सावध राहावे. कॉस्टिक सोडा तेलरंगाचे साबणात रूपांतर करतो, म्हणून तो रंग सोडवितो खरा. परंतु तो सागास काळे डाग पाडतो, ॲल्युमिनियम खातो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी नेतो. मिथिलिन क्लोराइड असलेले रंग काढण्याचे द्रव जेलकोटही विरघळवितात. त्याच्या वाफेने बंद जागेत माणसे दगावल्यामुळे अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापराच्या अशा द्रवांची विक्री बंद केली. डब्यावरील घटक वाचल्यावाचून कोणतेही द्रव घरी आणू नये.

आणि आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या रंगांत शिसे असते. भारत सरकारने घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणण्याचे नियम २०१६ साली केले आणि ते २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये, आणि इतर प्रकारच्या रंगांचा तर मुळीच धरू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या बुद्धीची कायमची हानी करते. आपल्याकडे होडी जेथे रंगवितात, तेथेच मुले खेळतात आणि हाकेच्या अंतरावर वलांडीवर बोंबील वाळत असतात. म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावूनच घासावे. नाकावर कापड न बांधता धुळीचा योग्य मुखपट्टा लावावा. होडीखाली ताडपत्री अंथरावी आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधावी. ती वाळूत मिसळू देऊ नये. घरात शिरण्यापूर्वी अंगावरचे कपडे बदलावेत. भगिनींनी याबाबत घरातील पुरुषांस दटावावे, अशी आमची विनंती आहे.

शेवटी एक शब्द भावनेचा. कोणाचे तरी नाव आपण पुसतो आहोत, याचे भान असावे. त्या नावाखाली एका घराने पावसाळे काढले, पोरांची शिक्षणे केली. पुसण्यापूर्वी नाळेवर पातळ कागद धरून पेन्सिलीने अक्षरांचा ठसा उतरवून घ्यावा आणि तो पूर्वीच्या मालकाच्या घरी नेऊन द्यावा. यास चार आणेही खर्च नाही. पण होडी विकावी लागलेल्या घरास आपल्याच ज्ञातीतील माणसाने मान राखला, एवढे समाधान मिळते. व्यवहार संपला तरी सोयरीक राहते.

मंडळास आमची सूचना अशी, की गरम हवेचे एक यंत्र, चांगले मुखपट्टे, पाणकागद व पॉलिश यांचा एक सामाईक संच घ्यावा आणि तो सभासदांस पाळीपाळीने द्यावा. वर्षातून एक दिवस अनुभवी सुतार व रंगारी यांच्याकडून तरुणांस प्रत्यक्ष काम दाखवावे. ग्राइंडरने दुखावलेल्या एका होडीच्या दुरुस्तीहून हा सारा खर्च कमीच भरेल.