टॅली जुळत नाही

(केळवे इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतलेत.)



मला कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. आज आकड्यांवर बोलणार. तुम्ही म्हणाल, हा दहावी पास, गोदीत पोती उचलणारा, आणि देशाचा हिशेब सांगायला उभा राहिला! तर मंडळी, हिशेब मी शाळेत नाही शिकलो. धक्क्यावर शिकलो.

धक्क्याला बोट लागते, पोत्यांचा माल उतरायला लागतो, तेव्हा मोजणारी माणसं दोन असतात. एक बोटीच्या बाजूचा, एक धक्क्याच्या बाजूचा. दोघांच्या हातात वही. क्रेनने दर खेपेला किती पोती खाली ठेवली ते दोघं आपापल्या वहीत मांडतात. याला टॅली म्हणतात. पाळी संपली की दोन्ही वह्या शेजारी धरायच्या. समजा, एकाची सहाशे बारा आणि दुसऱ्याची सहाशे आठ निघाली, तर चार पोती कुठं गेली यावर तिथंच भांडण. फरक कागदावर लिहायचा, खाली सह्या. तिथं कुणी म्हणत नाही, तू माझ्या मोजणीवर शंका घेतलीस म्हणजे तू देशद्रोही.

आता देशाची टॅली बघा. मोजली जाणारी पोती आपण, आणि वही एकट्या सरकारच्या हातात.

आपल्या देशात नॅशनल सॅम्पल सर्व्हे नावाची सरकारी पाहणी १९५० पासून चालते. तिची माणसं घरोघर फिरतात. काम आहे का, काय खाता, किती खर्च करता, विचारतात. या पाहणीला जगात मान होता. २०१७-१८ साली तिने दोन गोष्टी मोजल्या. एक, किती हातांना काम नाही. दोन, माणशी महिन्याचा खर्च किती.

पहिल्याचं उत्तर आलं : बेकारी ६.१ टक्के. जुन्या पाहण्यांशी ताडून बघणारे म्हणाले, पंचेचाळीस वर्षांत एवढी नव्हती. सरकार म्हणालं, पद्धत नवी आहे, जुन्याशी ताडू नका. बरं, नाही ताडत. पण अहवाल तरी दाखवा? अहवाल कपाटात. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे हंगामी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगाने मान्य केलेला अहवाल बाहेर येत नाही, तर आम्ही बसायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं. पेपरवाल्यांनी आकडा फोडला. सरकार म्हणालं, हा कच्चा मसुदा. मग निवडणूक झाली. ३० मे २०१९ ला शपथविधी झाला आणि ३१ मे ला तोच अहवाल बाहेर आला. आकडा तोच, ६.१. मतं पेटीत पडेपर्यंत कच्चा होता, शपथ झाल्याबरोबर पिकला.

दुसऱ्याची गोष्ट याहून वाईट. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेपरात आलं की भाववाढ वजा केली तर माणशी खर्च २०११-१२ च्या १५०१ रुपयांवरून १४४६ वर उतरलाय. म्हणजे लोकांनी खर्चाला हात आखडला. सरकारने जाहीर केलं, मोजणीचा दर्जा बरोबर नाही, ही पाहणी छापणारच नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची, तिचे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. मधल्या अकरा वर्षांत गरीब माणूस काय खात होता, याचं सरकारी पान कोरं.

आता तुम्ही म्हणाल, हा एकाच पक्षाला झोडतोय. नाही. आधीचे काही सोवळे नव्हते. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं : शहरात दिवसाला ३२ आणि गावात २६ रुपये खर्च करणारा माणूस गरीब नाही! २००९-१० च्या पाहणीत रोजगार वाढलेला दिसला नाही, तेव्हा दुष्काळाचं वर्ष होतं म्हणून २०११-१२ ला पुन्हा मोजलं. फरक एवढाच, त्यांना आकडा आवडला नाही तरी पहिला छापला आणि दुसरा मोजला. यांनी पहिला पुरला.

आणि रेषेची गंमत बघा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ ची रेषा निघाली गावात रोज २७ रुपये, शहरात ३३. रेषेखाली माणसं सुमारे २७ कोटी. २०१४ मध्ये रंगराजन समितीने त्याच सालासाठी रेषा धरली गावात ३२, शहरात ४७. रेषेखाली माणसं ३६ कोटींवर. साल तेच, पोटं तीच, भूक तीच. गावात पाच रुपये आणि शहरात चौदा रुपये रेषा सरकवली, तर नऊ कोटींहून जास्त माणसं इकडची तिकडे. साहेबांच्या टेबलावर पट्टी ठेवून काढलेली ती रेघ. पण जो रेघेच्या वर गेला त्याची सवलत गेली.

हे भांडण आजचंही नाही. दादाभाई नौरोजींनी इंग्रजांच्याच कागदांतून हिशेब काढला की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न वीस रुपये, तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्यापिण्याला लागतं त्याहून कमी. १८८२ मध्ये सरकारच्या बाजूने उत्तर आलं, सत्तावीस रुपये. १९०१ मध्ये कर्झन म्हणाला, तीस. दादाभाईंनी सरकारच्या वहीसमोर दुसरी वही धरली, म्हणून सरकारला उत्तर द्यावं लागलं. एवढी गोष्ट डोक्यात ठेवा.

आता कोण मोजतो ते सोडा, काय मोजतात ते बघा. माझी आत्या इथंच केळव्यात पानवेलीच्या मळ्यात मजुरीला जाते. आठवड्यात कधी दोन दिवस बोलावणं येतं, कधी एक. सरकारची एक मोजणी अशी की मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी तुम्ही कामाला लागलेले. म्हणजे आत्या कामाला. बापाच्या टपरीवर पैसा न घेता बसणारा पोरगा, तोही कामाला. बोईसरच्या नाक्यावर सकाळी सातला उभा राहून आठवड्यात पाच दिवस रिकाम्या डब्यासकट परत जाणारा गडी, तोही कामाला. ही व्याख्या जगभर चालते, मान्य. खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या आकड्याचं भाषण होतं तेव्हा कुणी सांगत नाही की बाबांनो, यात एका तासाचे मजूर पण धरलेत. टॅलीत पोतं मोजलं, पण भरलेलं की फाटलेलं ते लिहिलंच नाही.

आणि मोजलंच नाही तर? माझी वहिनी लग्न होऊन आली. तिकडच्या रेशनकार्डावरून नाव कापलं. इकडे लागेना. कचेरीत गेलो तर साहेब म्हणाला, इष्टांक संपलाय. इष्टांक म्हणजे धान्य घेणाऱ्यांची ठरवून दिलेली संख्या. महाराष्ट्राला ती सुमारे सात कोटी दिलीय, २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेली पोरं, आलेल्या सुना, सगळ्यांनी त्याच आकड्यात मावायचं. २०२१ ची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. ती २०२७ ची म्हणून जून २०२५ मध्ये जाहीर झाली. कुणी मरेल तेव्हा माझ्या पुतण्याला धान्य. आकडा जुना राहिला म्हणजे काय होतं, ते दिल्लीतल्या अर्थतज्ज्ञाला नाही विचारायचं, माझ्या वहिनीच्या डब्याला विचारायचं.

इकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य अधिकारी सांगतात, गरिबी पाच टक्क्यांच्या आसपास उरलीय. तिकडे सरकारच सांगतं, ८१ कोटींना फुकट धान्य देतो. पाच टक्के गरीब, तर ८१ कोटींना फुकट का? आणि ८१ कोटींना लागतंय, तर पाच टक्के कसे? दोन्ही वह्या एकाच घरातल्या, तरी जुळत नाहीत.

आता आपल्या जिव्हारी लागणारं सांगतो. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आलं की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. उत्तर दिलं ते रामदास आठवले यांनी, एके काळच्या पँथरने. त्याच मंत्रालयाने त्याच वर्षी सांगितलं होतं की २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. मग शून्य कुठून आला? तर कायद्यात मैला वाहणं वेगळं आणि गटारात उतरणं वेगळं. शब्द बदलला, मढी गायब. गरिबीची रेघ सरकवतात तशीच ही रेघ. मेलेला माणूस कुठल्या जातीचा होता, ते मी सांगायला पाहिजे का?

माणसं अशी गायब करायची विद्या जुनी आहे. १९३२ मध्ये मताचा हक्क ठरवायला लोथियन कमिटी बसली. बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्य किती, यावर त्यांना काय मिळणार ते अवलंबून होतं. संयुक्त प्रांतात जनगणनेने १ कोटी २६ लाख अस्पृश्य मोजले होते. तिथल्या प्रांतिक कमिटीने सांगितलं, सहा लाख! विहिरीवर विटाळ कोटींचा, आणि वाटा द्यायची वेळ आली की लाखांवर. बाबासाहेब काय म्हणाले? आकडे सगळे खोटे, फेकून द्या, असं नाही म्हणाले. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी त्यांच्याच वह्या उघडून शेजारी ठेवल्या, फरक दाखवला आणि वेगळी टिप्पणी लिहून स्वतःची सही केली. धक्क्यावरचा आमचा रिवाज यापेक्षा वेगळा नाही.

आता तुमच्या दाराशी आलेला आकडा. इथून उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवण बंदर. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. सांगितलं, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष बारा लाख रोजगार. मी गोदीतला माणूस, बंदराचा वैरी नाही. पण २०११ च्या जनगणनेत सगळ्या पालघर जिल्ह्याची माणसं तीस लाखाला थोडी कमी. बारा लाख म्हणजे तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत दर पाचात दोन. कंटेनर उचलते क्रेन. जिथं आमची अख्खी टोळी लागायची तिथं आता एक माणूस काचेच्या केबिनमध्ये बसतो. मग बारा लाखांत प्रत्यक्ष किती? किती वर्षांत? कायम किती, ठेक्यावर किती? मच्छीमाराचा धंदा बुडाला तर तो यातून वजा केला का? हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे. ही टॅली आहे.

म्हणून काय करायचं? आपली पोरं चिडून म्हणतात, सगळे आकडे झूट. मी सांगतो, हे बोलू नका. सरकारला तेच पाहिजे. आकडाच नाही म्हटल्यावर भांडायचं कशावर? आपल्याकडे सातबारा नाही, ओळखीचा साहेब नाही. आपण इतके आहोत आणि आपल्याला इतकं कमी मिळतं, हे दाखवणारा आकडा एवढंच आपलं हत्यार.

माझ्यावर गेलेली सांगतो. एका ठेकेदाराकडे हजेरी एकच, त्याच्या वहीत. महिन्याला सव्वीस पाळ्या भरल्या, वहीत निघाल्या एकोणीस. भांडलो, तर म्हणाला, पुरावा काय? पुरावा नव्हता. पुढच्या महिन्यापासून दहा रुपयांची डायरी घेतली. रोज पाळी, बोटीचं नाव, सोबतच्या दोघांच्या सह्या. महिनाअखेर परत सहा कमी. सगळे मिळून डायऱ्या घेऊन उभे राहिलो. सहापैकी चार मिळाल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. पण आधी सात गेल्या होत्या, हे पण बघा.

तशी एक वही प्रत्येक वस्तीत पाहिजे. कोणाला महिन्यात किती दिवस काम मिळालं, हातात मजुरी किती पडली, रेशनच्या पावतीवर किलो किती आणि पिशवीत किती, कुणाचं नाव इष्टांकात अडकलंय. दहावी झालेली पोरगी हे लिहू शकते, त्याला डॉक्टरेट लागत नाही. वही ग्रामसभेत ठेवा. सरकारचा कागद २००५ च्या माहितीच्या अधिकारात मागा, शेजारी धरा, फरक मांडा, सह्या करा. आणि जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा घाईत परत पाठवू नका. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजणार म्हणतात. काय लिहिलं ते त्याच्याकडून वाचून घ्या. उद्या कुणी आपल्या कोटींचे लाख केले, तर आपल्याकडे आपली वही असली पाहिजे.

त्यांची वही त्यांच्याकडे राहू द्या. आपली आजपासून सुरू करू. या शिबिरातून घरी जाताना प्रत्येकाने एक वही विकत घ्यायची, आणि पुढच्या वेळी भेटू तेव्हा भरून आणायची. मी पण आणतो. कविता तेव्हा वाचेन.

जय भीम.